तात्यांचं पाऊल आणि एक पोतं सिमेंट

रामदासचा फोन आला तेव्हा मी पलंगाखाली डोकं घालून जुन्या चपला शोधत होते. गुरुवारची सकाळ होती. आदल्याच दिवशी तात्यांनी फोनवर बजावलं होतं, "बाई, रईवारी या. आन् चप्पल जुनीच घाला. त्या नव्या चपलेत तुमचं पाऊल बदलतंय." मी वैतागून म्हटलं होतं, "आता माझ्या चपलांवरपण तुमची देखरेख का?" आणि तरीही शोधत होतेच. फोन घेतला तर रामदास, तात्यांचा मुलगा. म्हणाला, "बाई, तात्या ऱ्हायलं न्हाईत. सकाळी च्या प्यालं, कप खाली ठिवला, बाजंवर आडवं झालं... आन् संपलं." मी हातात एक चप्पल घेऊन तशीच फरशीवर बसले. पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? रडू नाही आलं. राग आला. रविवारपर्यंत थांबायला काय झालं होतं या माणसाला!

रविवारी आम्हाला त्यांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब मोजायचा होता. जन्मभर लोकांच्या डोक्यावर छत घातलेल्या या मिस्त्रीच्या स्वतःच्या डोक्यावर पत्रेच होते. यंदा कुठे रामदासने मनावर घेतलं, जुन्या खोल्यांना लागून कॉलम उभे केले, सेंटरिंगच्या प्लेटा ठोकल्या, सळई बांधायला काढली. काँक्रीट किती मागवायचं तेवढं राहिलं होतं. तो आकडा दुसऱ्या कुणी सांगितलेला तात्यांना चालणार नव्हता. "माज्या घराचा आकडा माजाच," असं ते महिनाभर म्हणत होते आणि त्या आकड्यासाठी त्यांना मी लागणार होते. का लागणार होते, हे सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

अंथुर्ण्याचे दशरथ मिस्त्री. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि शाळेजवळ आम्ही घर बांधायला काढलं त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. गणिताची बाई म्हटल्यावर मी काय कुणाला आकडे सांगू देणार! स्लॅबची लांबी, रुंदी, जाडी, प्रत्येक बीमचं माप, सगळं टेपनं घेतलं. तीन संध्याकाळ वही घेऊन बसले. ओल्या काँक्रीटचं घनफळ, त्याला कोरडा माल किती, त्यात सिमेंटचा हिस्सा किती, अशी पायरी पायरीने मांडणी करून खाली उत्तराला दोन रेघा मारल्या : एकशे दोन पोती. मोठ्या ऐटीत वही तात्यांच्या पुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, नीट बघितली, अक्षराचं कौतुक केलं आणि परत दिली. मग उठले, भिंतीच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, वळले, आडव्या बाजूने चालत गेले. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चहा अजून गरम होता. म्हणाले, "बारा आन् नऊ. बारा नवं एकशेआठ. एकशेआठ पोती मागवा, बाई."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तात्या, तुम्ही स्लॅब टाकताय का जपमाळ ओढताय?" ते हसले. पान खाऊन रंगलेले दात, पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांचं गणित एवढंच होतं : त्यांचं एक पाऊल लांब आणि एक पाऊल रुंद, तेवढ्या चौकटीला एक पोतं सिमेंट. त्यात स्लॅब आला, बीम आला, सांडलवंड आली. "आन् खडी-वाळू त्या मागं आपसूक येतीया," म्हणायचे. मी म्हटलं, माझे बीम मी मोजलेत, तुम्ही तर बीमकडे बघितलंसुद्धा नाही. त्यावर ते जे बोलले ते मी पुढे दरवर्षी नववीच्या वर्गात घनफळ शिकवताना सांगत आले. "तुमचा कागुद बराबर हाय, बाई. पन कागदावर प्लेट वाकत न्हाय. वर धा मानसं चढली की वाकती. घमेल्याला माल चिकटतो, त्यो तुमी कुठं धरलाय?"

आमच्या ह्यांनी मध्ये पडून एकशेआठ पोती आणवली. स्लॅबच्या दिवशी मी वही घेऊन मिक्सरपाशी उभी राहिले आणि रिकामं झालेलं प्रत्येक पोतं मोजत गेले. मजूर बायका माझ्याकडे बघून पदराआड हसत होत्या. एकशे दोनावं पोतं फोडलं तेव्हा जिन्याच्या बाजूचा अख्खा कोपरा उघडा होता. माझं ऐकलं असतं तर तो कोपरा दुसऱ्या दिवशी भरावा लागला असता, आणि तिथं सांधा पडून दर पावसाळ्यात माझ्याच डोक्यावर पाणी गळलं असतं. शेवटी एक पोतं उरलं, तेही अर्धं फोडलेलं. तात्या एका शब्दाने मला काही बोलले नाहीत. उलट जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाईंनी पोती मोजली म्हनून आज मिक्सरवाल्यानं चलाखी क्येली न्हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. ते मला सांभाळून घेत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून आमची गट्टी जमली. गट्टी म्हणजे काय, भेटलं की वाद. एकदा चिखलात उमटलेली त्यांची पावलं मी गुपचूप टेपनं मोजली. एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत दोन फूट आठ इंच. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे मोजली, तरी दोन फूट आठ. घरी येऊन वहीत मांडलं, तर पाच इंची स्लॅब आणि आपल्याकडच्या नेहमीच्या दहा-बारा फुटी खोल्यांचे बीम धरून खरोखरच एका चौकटीला एक पोतं येत होतं! मी धावत जाऊन त्यांना सांगितलं, तुमचं बरोबर का येतं ते मला सापडलं. ते म्हणाले, "आसंल. मला कशाला सापडाया पायजे?" पण माणूस बढाईखोर नव्हता हां. एखादा मोठा हॉल असला, कार्यालय असलं की हात वर करायचे. "हितं माजं पाऊल चालायचं न्हाय, इंजिनेर बलवा." त्यांच्या पावलाची हद्द त्यांना ठाऊक होती, आणि त्या हद्दीत त्यांचा आकडा चुकला असं मी तरी कधी ऐकलं नाही. पुढं रेडीमिक्सच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या आल्या, पोत्यांऐवजी घनमीटर आले, तरी तात्यांनी पाऊल सोडलं नाही. आठ पोत्यांचा एक घनमीटर धरायचा, म्हणजे पावलांचा गुणाकार करून आठानं भागायचं, झालं. गाडीवाले त्यांच्या शब्दावर माल भरून पाठवायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातंय, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले आणि आम्ही वरचा मजला काढला. खालच्या घरावर तसंच वर. तीच लांबी, तीच रुंदी, इंचाचा फरक नाही. तात्या आले. आता ते फक्त सांगण्यापुरते यायचे, काम रामदासची माणसं करायची. गच्चीवर सेंटरिंगवाले होते, रामदासचे दोन-तीन गवंडी होते, मी चहा घेऊन गेले होते. तात्या कडेने चालत गेले, वळले, चालत आले आणि म्हणाले, "चौदा आन् साडेधा. एकशे सत्तेचाळीस." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. बारा आणि नऊ मला पाठ होतं, ते काय मी विसरणार होते? माझ्या तोंडून फाटकन निघून गेलं, "अहो तात्या, माझं घर वाढलं का काय वीस वर्षांत?" आणि मी हसले. चांगली खळखळून हसले. मी हसले म्हणून बाकीचेही हसले. बाईच हसतायत म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार!

तात्या हसले नाहीत. ते खाली बघत होते, स्वतःच्या पायांकडे. मग म्हणाले, "थांबा, पुन्यांदा चालतो." या वेळी त्यांनी पाय लांब टाकायचा प्रयत्न केला. मुद्दाम, जोर लावून. चौथ्या पावलाला त्यांचा तोल गेला आणि त्यांनी कॉलमची सळई धरली. सळई धरून ते क्षणभर तसेच उभे राहिले. पुन्हा सुरुवात केली आणि परत आले तेव्हा म्हणाले, "पंधरा." आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आलं. माझं हसू तोंडातच राहिलं. मी बाई, मी मुलांना शिकवलेलं, की लांबी तीच असेल आणि मापं जास्त भरली तर माप लहान झालंय असं समजायचं. तात्यांचं माप लहान झालं होतं. आणि ते मी चारचौघांत, हसून, त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच घरी आले. ओसरीवर बसले, चहाला नको म्हणाले. हा माणूस कधी चहाला नको म्हणायचा नाही. म्हणाले, "बाई, एकशेआठच मागवा. आन् येक करा, रामदासला बोलू नका. माज्या पायात कायतरी झालंय. म्हैना-दोन म्हैनं झालं, पाय उचलतोय पन फुडं पडत न्हाय. कळलं तर ती मला स्लॅबवर चढू देनार न्हाईत. मंग मी काय करू? बाजंवर बसून माशा मारू?" त्यांना पायाचं काही वाटत नव्हतं. त्यांची धास्ती वेगळीच होती. ज्या आकड्यावर इंदापूर तालुक्यातले लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे, तो आकडा आता आपल्याकडून निघणार नाही, ही. मला त्या वेळी माफी मागायची होती, पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी आणखी चिडते. म्हटलं, "बोलणार नाही, पण आत्ता उठा आणि माझ्याबरोबर बारामतीला डॉक्टरकडे चला. नाही आलात तर गावभर दवंडी पिटीन." आले बिचारे. माफी मात्र राहून गेली.

डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी तात्यांना व्हरांड्यातून चालायला लावलं, हात झुलतात का बघितलं, बोटं उघड-मिट करायला सांगितली. म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे, हात थरथरायच्या आधी काहींची पावलंच आखूड होतात. गोळ्या घ्या, चालत राहा. तात्यांनी विचारलं, "पाऊल परत लांब हुईल का?" डॉक्टर म्हणाले, फरक पडेल, पण पहिल्यासारखं सांगता येणार नाही. तात्या एवढंच म्हणाले, "बरं." येताना एसटीत खिडकीतून बाहेर बघत बसले होते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कुणाचं तरी नवं घर. त्यातली कितीतरी त्यांनी चालून काढलेली. मग मी आपली तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "तात्या, मी चालते की. तुम्ही बसून मोजा." ते माझ्याकडे वळून बघायला लागले. मी साडीतली, चष्म्यातली, साठीला टेकलेली बाई. मग एकदम फिसकन हसले. म्हणाले, "तुमची पावलं? बदकावानी टाकता तुमी!"

पण दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मैदानावर त्यांनी माझी परीक्षा घेतली. जन्मभर मी परीक्षा घेतल्या, आता देत होते. टेप अंथरली आणि मला दहा वेळा चालवलं. साधं चालायचं, मुद्दाम लांब टाकायचं नाही, बोलायचं नाही, मोजायचंही नाही, मोजणार ते. माझं पाऊल बरोबर दोन फूट निघालं. तात्या खुशीत आले. "तुमची चार म्हंजे माजी तीन. झ्याक जमलं! हीच चप्पल ठिवा." तेव्हापासून रविवारी आमची वरात निघायची. रामदासला गोळ्या दिसल्या तेव्हा कळलंच, पण त्यानेही कधी बोलून दाखवलं नाही. कुणाचं घर असेल ते लोक गाडी पाठवायचे, तात्या पुढे बसायचे आणि मी मागे त्यांची प्लास्टिकची खुर्ची धरून. डाळजला गेलो, नरसिंहपूरला गेलो, बारामतीच्या अलीकडल्या वाड्या-वस्त्यांवर गेलो. तात्या खुर्चीत बसून हात वर करायचे, मी चालायला लागायचे. डाळजला घरमालकाने विचारलं होतं, "ह्या कोन? इंजिनेर मॅडम काय?" तात्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "न्हाय. हे माजं पाय हायत." मी त्यांच्यावर डोळे वटारले, पण खरं सांगते, निवृत्तीला मुख्याध्यापिका म्हणून सत्कार झाला तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

नरसिंहपूरला गंमतच झाली. चपलेचा अंगठा तुटला, मी म्हटलं अनवाणीच चालते, एवढ्यासाठी काय अडलंय. खडी टोचत होती, तरी चालले. तात्यांनी मान हलवली. "न्हाय. खडीवर तुमी जपून टाकताय, आखूड पडतंय. चाललं तर चाललंच पायजे, भ्यालं की आकडा वाढतो." मग घरच्या सुनेची चप्पल घालून बघितली, ती मोठी झाली. शेवटी कुणीतरी अंगठ्याला तार बांधून दिली आणि मी पुन्हा चालले. एवढा सगळा खटाटोप फक्त एका घराच्या पाच-सहा पोत्यांच्या फरकासाठी! मी म्हटलं, तात्या, माझ्या पर्समध्ये टेप आहे, दोन मिनिटांत फूट काढून देते. तर म्हणाले, "तुमी टेप काढली की ही मानसं टेपला इचारतील. मला कशाला इचारतील मंग?" ते उत्तर मी कधी विसरले नाही. पुढं मी टेप पर्सबाहेर काढली नाही.

आणि मग तो गुरुवार. तेराव्यापर्यंत कुणी स्लॅबचं नाव काढलं नाही. पण प्लेटा भाड्याच्या, सळईला गंज धरायला लागलेला, किती दिवस ठेवणार? चौदाव्या दिवशी रामदास आला. म्हणाला, "बाई, तुमी चाला. तात्यांचा आकडा आसाच ऱ्हायला नगं." मी गेले. जुन्या चपला सापडल्या होत्या. वर सळई बांधलेली, म्हणून खालून, प्लेटांखालच्या खोल्यांतून टेकूंच्या मधून वाट काढत चालायचं होतं. रामदास होता, भावकीतले दोघं होते, तात्यांची बायको, जिजी, पत्र्याच्या जुन्या खोलीच्या दारात बसली होती. खुर्ची होती, तिच्यात कुणी नव्हतं. मोजायचंही मलाच होतं, आणि ही माझी सवयच मोडलेली. मी चालले. माझ्या पावलांनी लांबी सतरा, रुंदी साडेआठ. चारास तीन या हिशोबाने आकडा तात्यांच्या पावलांत फिरवला, गुणाकार केला, आठानं भागलं, दहाच्या वर अगदी थोडंसं आलं. म्हटलं, "दहा घनमीटर मागव." टेप पर्समध्येच होती. काढावी असं एकदा मनात आलं. पण तात्यांच्या दारात, तात्यांच्या घरासाठी टेप काढायची? माझा हातच धजावला नाही.

स्लॅबच्या दिवशी पहिलं घमेलं घरच्या लक्ष्मीने टाकायचं, हा तात्यांचा शिरस्ता. पंपाचं तोंड वर आलं, रामदासने घमेल्यात माल भरला आणि जिजीला हाक मारली. मागं कुणीतरी कुजबुजलं, की आता जिजीनं कसं टाकायचं, सुनेला टाकू द्या. माझा पाराच चढला. म्हटलं, "घर कुणाचं आहे? आणि तात्या असते तर त्यांनी कुणाला बोलावलं असतं?" जिजी पदर खोचून शिडी चढली आणि तिने घमेलं ओतलं. पंप सुरू झाला, माणसं थापी मारत पुढे सरकत गेली. दुपारी बाराच्या सुमारास स्लॅब भरला, शेवटचा कोपरासुद्धा गुळगुळीत झाला. आणि गाडीवाला ओरडला, "ओ, अजून घनमीटरभर माल हाय ड्रममध्ये! कुठं टाकू?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. घनमीटरभर! घमेलं-दोन घमेली नव्हे. त्या क्षणी मला कळलं, की त्या दिवशी मी नेहमीसारखी चाललेच नव्हते. टेकूंच्या मधून, त्या रिकाम्या खुर्चीच्या पुढून, जपून जपून गेले होते. माझी पावलं आखूड पडली होती. घर सोळा आणि आठाचं होतं, नऊ घनमीटरचं. तात्यांच्या स्वतःच्या घराचा आकडा मी चुकवला होता, आणि आता इथं वीस माणसांदेखत तो जमिनीवर पडणार होता. कान तापले.

रामदासने मात्र माझ्याकडे बघितलंच नाही. तो दारापुढं गेला, चार फळ्या उचलल्या, विटांच्या आधाराने चौकोन मांडला आणि गाडीवाल्याला म्हणाला, "आन हिकडं. जिजीला बसाया वटा पायजेच हुता. बाईंनी त्येचा माल धरून सांगितलाय." एवढं सहज म्हणाला, की गवंडीसुद्धा "व्हय व्हय" करत फावडी घेऊन आले. कुणी हसलं नाही. मी टेकूला धरून उभी राहिले आणि मग मला रडू आलं, इतके दिवस न आलेलं. त्या दिवशी माझ्या गच्चीवर मलाही असंच काहीतरी म्हणता आलं असतं. 'तात्यांनी पाण्याच्या टाकीचं धरलंय' एवढं जरी म्हटलं असतं, तरी भागलं असतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्या पोराला जे एका क्षणात सुचलं ते मला सुचलं नाही.

त्याला आता आठवडा झाला. परवा मी गेले होते. स्लॅबवर पाण्याची आळी केलीत, ओट्यावर ओलं पोतं टाकलंय. जिजी त्या पोत्याच्या कडेला बसून शेंगा फोडत होती. मला हाताला धरून बसवलं. म्हणाली, "बसा की बाई, लई थंडगार लागतंय. पन यवढा मोठा वटा कशाला केला म्हनायचा? दोन बाजा पडतील हितं." मला खोटं बोलवेना. म्हटलं, "जिजी, चुकलं माझं. त्या दिवशी मी चालले ना, माझी पावलं आखूड पडली. आकडा वाढला. रामदासने झाकून घेतलं." आणि मग एकदाचं तेही सांगून टाकलं, दोन वर्षं जे पोटात होतं ते. गच्चीवरचं. मी कशी हसले ते. तात्या पायांकडे कसे बघत राहिले ते. माफी मागायची राहिली ते.

जिजीने एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "तुमाला त्या दिशी कळलं व्हय? मला त्याच्या आदी सा म्हैनं ठावं हुतं. पहाटं उठून न्हाणीकडं जायचं त्ये. दारापास्नं न्हाणीपतुर सात पावलं, लगीन होऊन आले तवापास्नं सात. म्या हातरुणात पडून ऐकायची. मंग आठ झाली. मंग नऊ. जायच्या आदी तेरा झाली हुती, बाई."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलून काय करू? त्यास्नी वाटायचं, कुनाला कळलं न्हाय," जिजी म्हणाली. "म्या आपली रोज मोजायची, आन् च्या ठिवायची."